सुतळीबाईंची वेणी

पेशीतले धागे जुळायचे थांबले, तर माणसाचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर लिहायला बसले की मला सुतळीबाई दिसतात. वसईच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या या बाईंच्या पर्समध्ये कायम सुतळीची गुंडी असे आणि पाठीवर जाड, करडी वेणी.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी, पुढे सहकारी. पेशीविभाजन शिकवताना त्या दोन मुलींना समोरासमोर उभे करत, मध्ये गुणसूत्रे म्हणून कपड्यांचे चिमटे सुतळ्यांना बांधत. "ओढा! हे धागे आहेत म्हणून एका पेशीच्या दोन होतात." मग सुतळ्या सोडवून घेत. चिमटे जागच्या जागी. "कळलावीच्या कंदातले विष हेच करते. धागे जुळूच देत नाही."

गेल्या हिवाळ्यात उमेळ्याला त्यांच्या भावाच्या वाडीचे कुंपण इमारतीसाठी उकरले गेले. त्यात निघालेले कंद भावाने रताळी समजून बहिणीला दिले. वेल तर पावसाळ्यानंतरच वाळून गेलेला. बाईंनी उपवासाला ते उकडून खाल्ले आणि संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या.

भाऊ उरलेला कंद घेऊन रुग्णालयात आला. नांगरासारखा वाकडा, चिकटलेल्या वाळक्या पानाचे टोक तारेसारखे वळलेले. ती कळलावीची खूण पाहून बाईंनी डोळे मिटले.

"आक्का, पान्यात चांगले उकडले होतेस ना गो?"

"उकडून जात नाही ते, बाबू." मग माझ्याकडे वळून, "शैला, प्रयोगशाळेत विभाजन थांबवायला कांद्याच्या मुळाला आपण हेच विष घालतो ना? आता मीच कांदा."

मला हसता आले नाही.

"क्रम लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. "ज्या पेशी भराभर नव्या होतात, त्या आधी अडतात. आतडे, मग रक्त. तेवढ्यातून निभावले, तर शेवटी केस गळतील. उशीवर केस दिसले की पेढे आण."

आतड्याचे झाले. रक्तातल्या पेशी घटत गेल्या. मी रोज भीत भीत वेणीवरून हात फिरवी आणि तळवा पाही.

"आला का एखादा?"

"अजून नाही, बाई."

"ओढून पाहा गं, लाजतेस काय!"

मी ओढले. एकही केस हाती आला नाही.

बाई गेल्या, तेव्हाही वेणी तशीच होती. जाड, घट्ट.

आता सुतळी मी वर्गात नेते. पण माझ्या शब्दावर विसंबू नका. पावसाळ्यात कळलावीला लाल-पिवळी फुले येतात, तेव्हा आपल्या कुंपणाशी जा, पानाचे टोक स्वतः पाहा आणि वेल वाळण्याआधी ती जागा लक्षात ठेवा.