डाव्या मडगार्डचा लाल

मैनुद्दीन पेंटरच्या उजव्या हाताची तीन बोटं माझ्या डोळ्यांदेखत मोडली. भरदिवसा, अकराच्या सुमाराला, त्याच्याच दुकानात. मोडणाऱ्यांनी हातोडीही त्याचीच वापरली, पत्रा सरळ करायची. मी, सटवा पंक्चरवाला, शेजारच्या माझ्या दुकानात टायर पोटाशी धरून उभा होतो आणि मी काहीही केलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी कुणाला नावं ठेवली, तर माझी लायकी तुम्हाला माहीत असेल.

धारूरला केज रस्त्यावर त्याचं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान. चाळीस वर्षं त्यानं गाड्या रंगवल्या. डब्यावरचा नंबर कधी बघायचा नाही. बोटावर रंग घ्यायचा, उन्हात नेऊन पत्र्यावर टेकवायचा आणि म्हणायचा, "अजून जरा काळा पायजे." पुढं रंगाच्या वाफेनं छाती धरली आणि डॉक्टरनं रंग फवारायची मोठी गन बंद करायला लावली. घरात बसून हा माणूस भिंतीशी भांडायला लागला, तेव्हा पुण्याला दिलेल्या लेकीनं, समिनानं, त्याला एक डबा धाडला. आत प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकवलेले सुटे भाग होते. दारं, आरसे, चाकं, हरभऱ्याएवढे दिवे. सगळं जोडलं की वीतभरसुद्धा न भरणारी गाडी होते.

साठी ओलांडलेला माणूस परत दुकानात येऊन नेलकटरनं प्लॅस्टिक कुरतडत बसलाय, हे बघून माझं डोकं फिरायचं. "चाचा, नातवंडांच्या खेळण्याशी तुमी कावून खेळायलाव?" मी विचारायचो.

"गप बे सटवा. पंक्चर काढ," एवढंच उत्तर मिळायचं.

पण हात बघण्यासारखा होता, हे कबूल करतो. झिजलेल्या पॉलिश पेपरनं तो एकेक दार घासायचा, सांध्यात सुईच्या टोकानं लांबीची पुट्टी भरायचा, काचांवर चिकटपट्टी लावून अत्तराच्या बाटलीएवढ्या गननं रंगाचे पाच-पाच हात मारायचा. दोन-तीन वर्षांत त्याच्या गाड्या गावात माहीत झाल्या आणि तिथंच घात झाला. त्यांचं नाव भगवानरावाच्या घरापर्यंत गेलं.

भगवानराव म्हणजे आमच्याकडचं बडं प्रस्थ. खडीचं क्रशर, मंगल कार्यालय आणि सोमेश्वर नावाचा पुतण्या. हा पुतण्या तोंडाआधी हात चालवतो. एका दूधवाल्यानं याच्या गाडीला वाट दिली नाही, म्हणून यानं त्याला त्याच्याच कॅननं मारलेलं मी बघितलंय. कान लोंबत होता बिचाऱ्याचा. दूध, रक्त एक झालं आणि आम्ही पन्नास माणसं मोबाइल काढून उभे. असलं आमचं गाव.

हा सोमेश्वर दुकानात आला. काकांच्या एकसष्टीला त्यांची पहिली गाडी भेट द्यायची होती, लहानी लाल मारुती. खरी कधीच भंगारात गेलेली. "हुबेहूब पायजे चाचा. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं पायजे."

मैनुद्दीननं दोन महिने घातले. सगळी गाडी लालभडक झाली, पण डावं मडगार्ड तेवढं जरा काळपट लाल. मला वाटलं, म्हाताऱ्याची नजर गेली. "चाचा, ह्यो रंग चुकलाय," मी म्हणालो.

"तसाच होता त्यो. मीच मारलता," तो म्हणाला. "त्यानं हुबेहूब मागितलीय ना?"

आता म्हाळूचं सांगायला हवं. गावाच्या गायरानावर भगवानरावानं क्रशर टाकलं, तेव्हा म्हाळू नावाच्या शेळ्या राखणाऱ्या माणसानं तहसीलला अर्ज दिला होता. वीस वर्षं झाली त्याला. पोळ्याच्या दिवशी दिवस कलताना घाटाच्या रस्त्यावर त्याला गाडीनं चिरडलं. एकदा उडवलं आणि मागं घेऊन परत वरून नेली, असं मयत उचलणारे सांगायचे. कागदावर 'अनोळखी ट्रक' आला. भगवानरावानं जबाब दिला की माझी गाडी आठ दिवस लातूरला होती. म्हाळूची बायको छबुबाई तेव्हापासून लोकांच्या पंगतीची भांडी घासते.

एकसष्टीच्या पंगतीलाही तीच होती.

मांडवात मोठा पडदा लावलेला. स्टेजवरच्या टेबलावर ठेवलेली ती छोटी गाडी पडद्यावर मोठी होऊन झळकली, टाळ्या पडल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींना जास्तीचं बोलायची खोड. त्यांनी विचारलं, "चाचा, हे एक मडगार्ड वेगळं कसं काय?" आणि स्टेजवर बोलावून घेतलेल्या मैनुद्दीनच्या तोंडापुढं माइक धरला.

मैनुद्दीन म्हणाला, "ती माजी चूक हाय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळीच गाडी आली. डावं मडगार्ड, दिवा, सगळं आत गेलतं. दुपारच्या आत पायजे म्हणले. करीमुळं रंगाचं दुकान बंद. मंग घरात ट्रॅक्टरचा लाल होता, त्योच मारला."

"केवढी स्मरणशक्ती!" गुरुजी म्हणाले. "साल आठवतं का?"

"आठवतं की. म्हाळूची मयत दुकानावरूनच गेली त्या दिवशी."

मी कपाळावर हात मारला. मला वाटलं, या माणसाला रंगापुढं दुसरं काही दिसतच नाही. लातूरला असलेली गाडी करीच्या सकाळी धारूरात याच्या दुकानात उभी होती, हे त्यानं हजार माणसांपुढं सांगून टाकलं होतं आणि मला वाटलं, त्याला ते कळलंसुद्धा नाही.

छबुबाईला कळलं. ती भांड्यांच्या ढिगाऱ्यातून उठली आणि हातातलं पितळी पातेलं तिनं सरळ स्टेजवर भिरकावलं. ते भगवानरावाच्या खांद्याला लागून टेबलावर आदळलं. मग चौघांनी तिला केसाला धरून मांडवाबाहेर ओढत नेलं. तोंडावर लाथ मारली, दोन दात पडले. सोमेश्वरनं मैनुद्दीनला स्टेजवरून खाली लोटलं आणि ती गाडी बुटाखाली घेतली. दोन महिन्यांच्या कामाचा एका टाचेत भुगा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले. सोमेश्वर आणि तिघं. एकानं मोबाइल समोर धरला. "बोल म्हाताऱ्या. वय झालं, इसरतो मी, साल चुकलं, असं बोल."

"चुकलं न्हाई," मैनुद्दीन म्हणाला.

त्याचा हात लाकडी ठोकळ्यावर दाबून धरला आणि हातोडी घातली. ओली फांदी मोडल्यागत आवाज आला. तो गुरासारखा ओरडला. परत विचारलं. त्यानं नाही म्हणून मान हलवली. दुसरं बोट. परत विचारलं. तो तोंडातून लाळ गाळत म्हणाला, "करीचाच दिवस होता." तिसरं बोट. जाताना सोमेश्वरनं माझ्याकडं बघितलं आणि हसला. त्याला माझी भीती वाटायचं काही कारणच नव्हतं.

त्याची बायको रहेमतबी घरातून पळत आली. नवऱ्याला सावरता सावरता मला म्हणाली, "टायर धरून हुबा होतास रे! मेलास का जित्तेपणी?" ते शब्द अजून मला जेवू देत नाहीत.

तिसऱ्या दिवशी छबुबाई दुकानापुढं येऊन उभी राहिली. ओठ सुजून काळा पडलेला. "चल. ठाण्यात चल. जे माइकावर बोललास, त्ये लिवून दे."

रहेमतबी दारात आडवी आली. "राह्यलेली बोटं बी मोडतील."

प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून मैनुद्दीननं चपला घातल्या. मी दुकानाचं शटर ओढलं आणि दोघांना माझ्या मोटरसायकलवर बसवलं. चौकात कुणीतरी दगड मारला, तो माझ्या कानामागं बसला. सदऱ्यात रक्त उतरलं, पण गाडी थांबवली नाही. मी काही शूर झालो नव्हतो. रहेमतबीचे ते शब्द ऐकून लाज वाटली होती, एवढंच.

ठाण्यात नव्यानं आलेल्या फौजदार बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तारीख दोनदा विचारली, मग पेन थांबवून म्हणाल्या, "दारावरून मयत जातेय, आत ठोकरलेली गाडी उभी. तेव्हा तुम्हाला संशय नाही आला?"

मैनुद्दीननं डाव्या हातानं टोपी सरळ केली.

"संशय काय बाई," तो म्हणाला, "म्हाईतच होतं. म्होरच्या जाळीत गुलाबी पटक्याची चिंधी अडकलती. केसासगट. ती मी चुलीत घातली. मंग जाळी धुतली आन् रंग मारला. भ्यालतो मी. वीस साल भ्यालतो. त्यांनी गाडी मागितली, तवा वाटलं, त्या एका मडगार्डाचं तरी खरं सांगावं."

अकरा वर्षं या माणसाशेजारी बसून मी चहा प्यायलो होतो.

छबुबाई उठली. तिनं त्याच्या कानाखाली आवाज काढला. टोपी उडून फरशीवर पडली. दुसरी मारली, तिसरी मारली. मग त्याचा मोडका हात दोन्ही मुठींत धरून पिळला. तो कळवळून ओरडला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण त्यानं हात मागं घेतला नाही. शिपाई मधे पडला, तेव्हा तिनं सोडलं.

"त्यो पटका म्या रंगवलता," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "पोळ्यासाठी. गुलाबी."

तिनं तोंड पुसलं आणि बाईंच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली.

"लिवा बाई. आधी भगवानरावाचं लिवा. मंग चिंधी जाळली त्ये ह्याचं बी लिवा."

"लिवा," मैनुद्दीन म्हणाला.