चिंचेने घासलेली टोपी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकतील. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर तेवढं सांभाळून घ्यावं.

गोष्ट नव्वद सालानंतरची. सिल्वासाजवळ राखोलीला एका कारखान्यात मी ऑफिसची झाडलोट करायचे. तिथे चार टेबलांवर चार कॉम्प्युटर होते. धुळ्याकडून आलेली एक ताई ते सांभाळायची. ऑफिसची किल्ली तिच्याकडे असायची. माझ्याशी आपणहून बोलणारी तेवढी एकच.

चारही टेबलांमागून एक काळी वायर जायची. शेवटच्या टेबलाशी ती संपायची आणि तिच्या टोकाला धातूची छोटी टोपी होती. टोपीला पुढे काहीच जोडलेलं नव्हतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीनची पूजा असते, कॉम्प्युटरलाही हार घालतात. मी पूजेची भांडी चिंचेने घासली, त्यातच ती टोपीही काढून घासली. चकाकली, पण परत बसेना. मोडेल म्हणून जोर केला नाही. ताईच्या खणात ठेवली. सुट्टीनंतर तिला सांगू म्हटलं.

सुट्टीनंतर मी पोचले तर ऑफिसात गर्दी. चारही कॉम्प्युटर चालू, पण एकाचं दुसऱ्याला काही पोचत नव्हतं. बिलं निघेनात, मालाच्या गाड्या फाटकात उभ्या. वापीहून बोलावलेला इंजिनियर दुपारपर्यंत वायर तपासत होता. टोक उघडं राहिलं की निरोप आपटून माघारी येतो आणि सगळ्यांचंच बोलणं बंद पडतं, असं तो म्हणाला. टोपी ताईच्या खणात सापडली.

साहेबांनी विचारलं, सुट्टीत किल्ली कुणाकडे होती? ताईने टोपी हातात घेतली, नाकाशी नेली आणि माझ्याकडे पाहिलं. मी फडकं पिळत उभी होते. 

"माझ्याकडे," ती म्हणाली.

इंजिनियरचे पैसे तिच्या पगारातून कापले. किल्लीही काढून घेतली. महिनाअखेर ती नोकरी सोडून नाशिकला निघाली, तेव्हा मी तिच्या खोलीवर गेले आणि सगळं सांगितलं.

"मावशी, त्या दिवशी मी वाट बघत होते," एवढंच ती म्हणाली. मी मागितला तेव्हा पत्ता मात्र लिहून दिला.

मग दर महिन्याला जमेल तेवढी मनिऑर्डर करत राहिले. निरोपाच्या जागेत दर वेळी माफी मागायचे. पावती तिच्या सहीने परत यायची, उत्तर कधी आलं नाही. दोन दिवाळ्या गेल्या. शेवटच्या पावतीवरही नुसती सही होती. तिचे पैसे सगळे फिटले.