गरीब दिसायची तालीम

ताईंनी कात्री माझ्या खांद्याला लावली आणि म्हणाल्या, "हलू नकोस गं, लागेल."

मी हलले नाही. खांद्यापासून खाली वीतभर फ्रॉक कापला गेला. मग ताईंनी कापलेली जागा दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. कात्रीनं कापलेलं सरळ दिसतं, फाटलेलं वाटत नाही, म्हणून. शेजारी एक नवीन कॉलेजवाली ताई उभी होती. तिला त्यांनी समजावून सांगितलं, "असं थोडं ओढायचं, म्हणजे नैसर्गिक वाटतं." माझ्या डोक्यावरून बोलत होत्या. मग कागदात आणलेली राख माझ्या गालाला, कपाळाला लावली. केस विस्कटले. आईनं सकाळी तेल लावून घट्ट वेण्या घातल्या होत्या, त्या सोडायला ताईंना जरा वेळ लागला.

फ्रॉक नवा होता. संमेलनासाठीच शिवलेला. मोरपंखी रंगाचा, गळ्याला पिवळी पट्टी. वडिलांना मिलमधून तुकडा कापड मिळालं होतं. शेजारच्या लक्ष्मम्माकडं मशीन होतं. तिला मराठी कमी, आईला तेलुगू कमी, पण दोघींनी मिळून एका दुपारी तो फ्रॉक उभा केला. तो घालून मी वस्तीतनं अशी निघाले होते, जणू रस्ता माझ्या बापाचा.

ताईंनी मला बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला.

"अगं, हा काय घालून आलीस? फाटका नाही का एखादा?"

मी म्हणाले, "हाय की. पन घरी हाय."

"आता घरी जायला वेळ कुठाय," असं म्हणून त्यांनी कात्री मागितली.

तेव्हा मी पाचवीत होते. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची गोष्ट. आमच्या मिलच्या मागच्या वस्तीत एक संस्था मुलांचे अभ्यासवर्ग चालवायची. आम्ही बौद्ध. चांगल्या घरातल्या कॉलेजच्या मुली रविवारी शिकवायला यायच्या. त्यांना सगळ्यांना ताई म्हणायचं. संस्थेच्या चिटणीस त्या मोठ्या ताई. खोटं कशाला बोलू, वाचायला मला त्यांनीच लावलं. पाढे त्यांनीच घेतले. मारलं कधी नाही. शाळेतले मास्तर आम्हाला मागं बसवायचे, ताई पुढं बसवायच्या. म्हणून त्या दिवशी त्यांच्या हातात कात्री बघून मला भीती वाटली नाही. आपल्या भल्याचंच काहीतरी असणार असं वाटलं.

संस्थेच्या संमेलनात दरवर्षी एक देखावा असायचा. स्टेजच्या मधोमध पुठ्ठ्याचं दार. त्यावर मोठ्या अक्षरात 'ज्ञानमंदिर'. आम्ही पोरं डाव्या बाजूनं यायचं, फाटक्या कपड्यात, मान खाली घालून. दारातनं आत जायचं. पडद्यामागं ताया पटापट तोंड पुसायच्या, गणवेश चढवायच्या. मग उजव्या बाजूनं बाहेर यायचं, पांढऱ्या-निळ्या कपड्यात, हातात पाटी, ताठ. पुण्या-मुंबईचे पाहुणे आणि मिलचे साहेब पुढच्या खुर्च्यांवर बसलेले असत. ते टाळ्या वाजवत.

मोठ्या ताई तालमीत सांगायच्या, "दाराच्या अलीकडे हसायचं नाही. पलीकडे गेल्यावर हसा."

मी दोन्ही बरोबर केलं. एक पाहुण्या बाई तर रडल्या. नंतर त्या मागं आल्या, माझा गाल धरला आणि ताईंना म्हणाल्या, "किती गोड आहे हो! वाटत नाही त्यांच्यातली."

मला काय वाटलं? काही वाटलं नाही. पुष्कळ जण विचारतात, तुला राग आला असेल, रडू आलं असेल. नाही. पायाला मुंग्या येऊन पाय आपला वाटेनासा होतो ना, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. कुणीतरी गाल धरला. कुणाचा तरी गाल.

कार्यक्रम संपला तसा गणवेश काढून घेतला. गणवेश संस्थेचा. पेटीत ठेवायचा, पुढच्या वर्षीला. मग मी माझा कापलेला फ्रॉक परत घातला आणि त्याच रस्त्यानं घरी आले, खांद्यावर हात धरून.

आई दारात बिड्या वळत बसली होती. मांडीवर सूप. तिनं वर बघितलं.

"कुनी फाडला?"

"ताईंनी."

"का गं? मारलं का तुला?"

"न्हाय. गरीब दिसायला फाडला."

आईला आधी कळलंच नाही. कळलं तशी ती हसली. खरंच हसली, मोठ्यानं. म्हणाली, "आगं बया! गरीबच की आपन. आनि किती दिसायचं म्हंती ती?"

मग तिनं सूप बाजूला ठेवलं, आत गेली. फ्रॉक तिनं शिवला, पण छातीवरनं गेलेली ती आडवीतिडवी शिवण लपत नव्हती. पुन्हा तो घालून मी वस्तीत मिरवले नाही. आईनं मला वर्गातनं काढलंही नाही. काढून करणार काय? दुसरं कोण आम्हाला शिकवायला येत होतं?

तर मी जात राहिले. शिकत राहिले. दरवर्षी देखाव्यात उभी राहिले, उंची वाढली तोवर. आई शहाणी झाली होती, संमेलनाच्या दिवशी मुद्दाम जुनं घालून पाठवायची. ताई खूश व्हायच्या. "या वेळी छान आलीस हं."

मॅट्रिक झाले. आणीबाणी उठली त्या सुमाराला मोठ्या ताईंनी मला संस्थेच्या बालवाडीवर घेतलं. आता पोरं मला बाई म्हणायची. वडिलांच्या छातीत मिलच्या कापसानं घर केलं होतं, खोकून खोकून ते घरी बसले होते. त्यामुळं चूल चालायची ती आईच्या बिड्यांवर आणि माझ्या बालवाडीवर. आणि मला डी.एड. करायचं होतं. मला खरी शिक्षिका व्हायचं होतं, सरकारी शाळेतली, कायमची. ताई म्हणायच्या, "काळजी करू नकोस, मी शब्द टाकते. तिथले प्राचार्य आमच्या ओळखीचे आहेत." त्या एका शब्दावर माझा सगळा जीव टांगलेला होता. ताईंनी बस म्हटलं की बसायचे, ऊठ म्हटलं की उठायचे. पाहुणे आले की ताई मला हाक मारायच्या, "ही आमची पहिली मॅट्रिक झालेली मुलगी. हिची आई बिड्या वळते. सांग गं." मी सांगायचे. तोंड बोलायचं. मी त्यात नसायचे.

त्या साली संमेलनाच्या दुपारी ताईंनी मला स्टेजमागच्या खोलीत बोलावलं. पोरं भिंतीला रांगेत उभी होती. टेबलावर कागदात राख होती, शेजारी कात्री.

"या वर्षीपासून तयारी तू कर," ताई म्हणाल्या. "तू त्यांच्यातली आहेस. तुझ्या हातून मुलं बुजत नाहीत."

मी कात्री उचलली. उचलली, हे खरं. हाताला काही वाटत नव्हतं. ताईंनी सांगितलं, मी केलं, इतकं ते सवयीचं झालं होतं.

रांगेत पहिली सुमन होती. सात वर्षांची असेल. तिची आई त्याच मिलच्या आवारात झाडायची. सुमननं हिरवं परकर-पोलकं घातलं होतं, नवं, अजून कपड्याला दुकानाचा वास. तिची थोरली बहीण आधीच्या वर्षी देखाव्यात होती. त्यामुळं पोरीला सगळं ठाऊक होतं. ती रडली नाही, मागं सरली नाही. तिनं आपणहून हात वर केला, काखेजवळची शिवण मला दाखवली आणि हळू आवाजात म्हणाली,

"बाई, हितं कापा. शिवणीवर. हितं कापलं की आईला परत शिवता येतंय."

मी तिच्याकडं बघत राहिले.

सात वर्षांचं लेकरू. त्यानं आपली अब्रू कुठनं कापली तर कमी नुकसान होतं याचा हिशेब घरनं करून आणला होता. आणि हात वर करून उभं होतं, मला सोयीचं पडावं म्हणून.

त्या क्षणी माझ्या अंगात कुठंतरी कळ उठली. इतक्या वर्षांची मेलेली जागा जिवंत झाली की दुखतंच. लई दुखलं. मला ताईंचा राग आला, पाहुण्यांचा आला, त्या पुठ्ठ्याच्या दाराचा आला. सगळ्यात जास्त राग आला तो त्या पोरीच्या शहाणपणाचा. ते तिला कुणी दिलं?

मी कात्री टेबलावर ठेवली.

"हात खाली घे, सुमन."

ताई दारातनं म्हणाल्या, "काय झालं? आटप गं, पाहुणे आलेत."

"ही अशीच जाईल, ताई. सगळी अशीच जातील."

"अशीच? मग फरक काय दिसणार?"

"फरक दिसाया आमी फाटकंच असाया पायजे का?"

ताई दचकल्या. त्यांच्यापुढं मी कधी घरची भाषा बोलले नव्हते. मग त्या जवळ आल्या, आवाज खाली आणला. "हे बघ, हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय. नाटक असतं ते. दोन मिनिटांचं." आणि त्यांनी स्वतः कात्री उचलली.

मी सुमनच्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, हिला हात लावू नका."

कॉलेजवाल्या ताया एकमेकींकडं बघायला लागल्या. मोठ्या ताईंचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, त्यांना मनापासून लागलं होतं. म्हणाल्या, "तुला मी पोटच्या मुलीसारखं वाढवलं."

मी म्हणाले, "तुमच्या पोटच्या मुलीला उभी करा की मग. हितं, पहिल्या नंबरला."

"डी.एड.चं विसर," ताई म्हणाल्या.

"विसरले."

मी आमच्या वस्तीतली पोरं घेऊन बाहेर पडले. देखावा काही थांबला नाही. दुसऱ्या वस्तीतली पोरं होतीच. आम्ही फाटकापाशी पोचलो तोवर आतनं टाळ्या ऐकू आल्या.

घरी कुणी माझी आरती ओवाळली नाही. आईनं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "कुनी सांगितलं व्हतं तुला शानपना? बापाची दशा दिसत न्हाय का? पोटावर पाय आनलास की गं सगळ्यांच्या!" वडील भिंतीकडं तोंड करून पडले होते. बालवाडीवर दुसरी मुलगी आली. मी आईशेजारी बसले, बिडीची पानं कापायला लागले. सुमनच्या आईनं रस्त्यात मला बघून तोंड फिरवलं. तिच्या पोरींचं नाव वर्गातनं गेलं होतं, माझ्यामुळं. मी तिला दोष देत नाही. आता दुपारी पानं भिजत असतात तेवढा वेळ सुमन आणि आणखी काही पोरं माझ्याकडं येतात. मी शिकवते.

यंदा संमेलनाच्या आधी मोठ्या ताई आमच्या दारात आल्या. एकट्याच. आईनं सतरंजी टाकली, चहा ठेवला.

ताई म्हणाल्या, "झालं गेलं विसरून जाऊ. कात्री-बित्री मी बंद करते. तू फक्त स्टेजवर ये आणि दोन शब्द बोल. तू कशी होतीस, कुठून आलीस. लोकांना प्रेरणा मिळते. डी.एड.चं मी बघते, अजून वेळ गेलेली नाही."

आई माझ्याकडं बघत होती. तिचं बघणं मला कळत होतं. मला डी.एड. किती हवंय हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

मी म्हणाले, "बोलते की. पण मी कशी होते ते न्हाय. कशामुळं होते ते बोलते. मिलमध्ये आमच्या लोकांना मागावर घेत न्हाईत, धागा तोंडानं ओढाय लागतो आनि आमच्या तोंडानं त्यो बाटतो म्हणून. माझ्या बापाला जलमभर कापसाच्या धुळीत ठेवला. त्याची छाती गेली तसा घरी बसवला. ते सांगते. चालंल?"

ताईंनी कपबशी खाली ठेवली. "तसलं नको गं. समोर मिलचेच साहेब असतात. त्यांना काय वाटेल?"

"मग न्हाय येत."

त्या मग उठून गेल्या. चहा तसाच राहिला.

आई म्हणाली, "जायाचं व्हतंस. दोन शब्दांनी झिजली असतीस का?"

"व्हय आये. झिजले असते."

ती बिडी वळत राहिली.

डी.एड.चा अर्ज मी माझ्या मार्कांवर करणार आहे. नंबर लागला तर जाईन, नाही लागला तर परत करीन. कुणाचा शब्द नको. आणि माझी गोष्ट मी यापुढं पाहुण्यांना सांगणार नाही. त्यांनी रडावं आणि हलकं होऊन घरी जावं, यासाठी ती घडलेली नाही. ती मी सांगणार ज्यांनी घडवली त्यांना. मिलच्या दारात उभी राहून सांगणार, संस्थेच्या दारात सांगणार. लोक मला विचारतील, हे लिहिलंस, मग मिलची, संस्थेची, माणसांची नावं का नाही घातलीस, भ्यालीस का? भ्याले नाही. ती नावं कागदावर घ्यायची नाहीत. तोंडावर घ्यायची आहेत.