उसवलेला मोजा

विहीणबाईंना मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे काही गोड येईल अशी आशा कोणी धरू नये.

मी चौथी शिकलेली. मुलगा अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, कॉम्प्युटरमध्ये आहे, नऊ वर्षं मी त्याच्याकडेच असते. शेजारच्या घरात एक म्हातारी राहते, फिनलंडची. तिचं गाव नान्ताली, समुद्राकाठी, एवढंसं. पाच-सहाशे वर्षांपूर्वी तिथे ख्रिस्ती जोगिणींचा मठ झाला आणि मठाभोवती गाव वसलं. जोगिणी मोजे विणायच्या, त्यांचं बघून गावही विणायला लागलं. पुढे मठ बंद पडला, पण गाव मोज्यांवर जगलं. हे तिने इंग्रजीत सांगितलं आणि माझ्या नातीने मराठीत. मला इंग्रजी येत नाही. सुया येतात.

रोज संध्याकाळी आम्ही तिघी म्हातारीच्या मागच्या डेकवर विणत बसायचो. मोज्यात अवघड काय, तर टाच. तिथे वीण वळवावी लागते. नात दहा वर्षांची. तीनदा चुकली, चौथ्यांदा जमली. मग तिने तो अर्धा मोजा घरभर नाचवला, बाप मीटिंगमध्ये होता तर कॅमेऱ्यासमोर जाऊन दाखवला.

जूनमध्ये सुनेची आई पुण्याहून आली, सहा महिन्यांसाठी. रिटायर्ड मुख्याध्यापिका. आल्या आल्या तिने नातीची संध्याकाळ गणिताला घेतली. एक दिवस खाली आले तर बाई सोफ्यावर बसून नातीचा मोजा उसवत होती. मांडीवर लोकरीचा गुंडा.

"अहो, हे काय करताय?"

"लोकर वाया कशाला घालवायची? मोजे दुकानात डझनाने मिळतात. ज्यांना पुढे शिकता आलं नाही त्यांनी विणत बसावं. तुमचं ठीक आहे हो, विहीणबाई."

नात जिन्यात उभी होती. रडली नाही. "इट्स ओके, आजी," म्हणाली आणि वर गेली. त्या दिवसापासून ती सुयांना हात लावेना. मला लागलं ते हे. भांडून काही उपयोग नव्हता. त्या बाईने चाळीस वर्षं बोलण्याचाच पगार घेतला होता.

मी म्हातारीकडे गेले. नातीला सांगायला लावलं असतं तर तिने अर्धं गाळलं असतं, म्हणून गुंडा आणि रिकाम्या सुया समोर ठेवल्या. म्हातारीला समजलं. ती बोलायला लागली, तेव्हा मी नातीला हाक मारली. त्यांच्या गावात जुलैच्या शेवटी एक दिवस असतो. घरात जो सगळ्यांत उशिरा उठेल त्याच्या अंगावर पाणी ओततात. गावातल्या एखाद्या बड्या माणसाला तर सकाळी उचलून समुद्रात टाकतात. आणि भिजलेल्याने हसायचं असतं.

मी नातीला विचारलं, "आपल्याकडे उशिरा कोण उठतं गं?"

"आजी, नो!" मग जरा थांबून हळूच, "पुण्याची आजी. नाइन थर्टी."

बाईंचं जेटलॅग सहा आठवडे चाललं होतं.

तो दिवस आला तेव्हा मी सातपासून वाट पाहिली. नियम मोडायचा नव्हता. मुलगा उठला, सून उठली, नात उठली. मग बादली भरली, त्यात दोन ट्रे बर्फ टाकला. म्हातारी गाऊनवरच आली होती.

"आजी, डू इट फास्ट!" नात कुजबुजली.

मी घाई केली नाही. पलंगावर झोपलेल्या बाईंच्या पायांपासून सुरुवात केली आणि सावकाश वर गेले.

बाई किंचाळली. सून धावत आली आणि मला म्हणाली, "आई, काय केलंत हे?"

"रानटीपणा आहे हा!" विहीणबाई ओरडल्या.

"रानटीपणा नाही, पाचशे वर्षांच्या गावची रीत आहे. तुमच्या पुस्तकात नसेल."

"यू आर सपोज्ड टू लाफ," नात म्हणाली. बाई काही हसली नाही.

मुलाने सगळ्यांना टेबलाशी बसवलं. "आई, सॉरी म्हण."

"आधी मोजा उसवल्याचं सॉरी त्यांना म्हणायला लाव."

"उसवला? कधी?" त्याला माहीतच नव्हतं. मग नात बोलली, भरभर, सगळं इंग्रजीत. मला एक शब्द कळला नाही. विहीणबाईंचा चेहरा मात्र कळला. मान खाली गेली ती वर येईना.

आता गणित सकाळी सातला असतं, मुलानेच ठरवलं. म्हणजे बाईंना साडेसहाला उठावं लागतं. संध्याकाळी नात डेकवर असते. नवा मोजा विणायला घेतलाय, पण टाचेशी आली की तिचा हात थबकतो. माझ्याकडे बघते, "बरोबर आहे ना?" विचारते. आधी विचारत नव्हती. तेवढ्यासाठी मी माफ करणार नाही.

परवा सुनेने विचारलं, "तुम्हाला जरासुद्धा वाईट वाटत नाही?"

वाटतं ना. फ्रीजरमध्ये बर्फाचा आणखी एक ट्रे होता.