दार झालेल्या ताई

समोर माणूस आला की आपण नमस्कार करतो, हसतो, निदान मान हलवतो. आमच्या ऑफिसातल्या ताई वीत टेकवत. अंगठा आणि करंगळी ताणून समोरच्याचे खांदे मापायचे, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचं आणि मग विचारायचं, "काय भाऊ, बरे आहा?" नवे साहेब रुजू झाले त्या दिवशी त्यांच्याही खांद्यावर वीत चढली. साहेबांनी घाबरून दोन्ही हात वर केले. आता ताई बदलीवर कळमेश्वरला गेल्या आहेत आणि आमच्याकडे आल्यागेल्याला नुसता नमस्कार मिळतो.

माझी पाठ मापून झाली की त्या हमखास म्हणत, "भाऊ, तुमच्यात दोन गाजरं निघतात."

गाजरांचा हिशेब असा, की शाळेच्या वेशभूषा स्पर्धेचे दिवस आले की आमच्या ऑफिसातली आणि ताईंच्या गल्लीतली सगळी पोरं त्यांच्या दारात उभी असत. गाजर, वांगं, टपालपेटी, किडलेला दात, पाण्याचा नळ. नागपुरातली एक अख्खी पिढी ताईंच्या हातून भाजी होऊन गेली आहे. त्यातले काही आता इंजिनीअर आहेत. कळमन्याच्या बाजारात लोक फळं घ्यायला जातात, ताई फळांचे कपडे घ्यायला जात. पेट्यांचे पुठ्ठे आणि सफरचंदाला घालतात ती फोमची जाळी घेऊन यायच्या. एकदा व्यापाऱ्याने विचारलं, "बाई, आतलं सफरचंद तरी घ्या." ताई म्हणाल्या, "ते काय कामाचं?"

स्वतः मात्र त्यांनी कधी काही घातलं नाही. दोन सुती साड्या होत्या, एक राखाडी आणि दुसरीही राखाडीच. स्पर्धेत पडद्यामागे तोंडात टाचण्या धरून उभ्या राहायच्या, पोराला स्टेजवर ढकलायच्या आणि टाळ्या वाजू लागल्या की टाचण्या मोजायच्या.

मग ऑफिसात लागलेल्या एका मुलीने त्यांच्या फोनवर कोड्यांचा एक गेम टाकून दिला, आणि आमचा डबा खाण्याचा आनंद संपला.

गेममध्ये पाय फुटलेलं एक दार असतं. त्याला स्वतःचीच किल्ली सापडत नाही. म्हणून ते एका मोठ्या घरातल्या खोल्याखोल्यांतून फिरतं. प्रत्येक खोलीत एक कोडं, सुटलं की एक किल्ली. ते बिचारं प्रत्येक किल्ली आपल्या पोटाला लावून पाहतं आणि एकही लागत नाही. मला यात गंमत काय ते कळेना. पण ताई भाजीत पोळी बुडवून तशीच धरत आणि म्हणत, "भाऊ, मी तिसऱ्या खोलीत अडकून राहिली." जणू आग विझवणाऱ्यांना बोलवायचं होतं.

एका दुपारी त्यांनी फोन पालथा ठेवला. गेम संपला होता. मी शेवट विचारला तर आधी दोन्ही बाजूंना पाहिलं आणि मग माझ्या कानाशी येऊन सांगितलं. किल्ली नव्हतीच. दारावर टकटक करायची होती, एवढंच.

"एवढ्या खोल्या हिंडलं ते," ताई म्हणाल्या. "साधी टकटक कोणी करून पाहिली नाही त्याले."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं की शहरात कॉस्प्ले नावाची स्पर्धा आहे. आपल्या वेळची वेशभूषा स्पर्धाच ती. फक्त आता गाजराऐवजी गेममधली पात्रं होतात, आणि पोरं घोड्याएवढी असतात.

"कोणाला दार करताय?" मी विचारलं.

"कोणाले नाही. मलेच व्हायचं आहे."

"ताई, या वयात बायका आजी होतात."

"आजी व्हायले दुसऱ्या कोणाची तरी गरज लागते," त्या म्हणाल्या. लग्न त्यांनी केलं नव्हतं. "दार मी एकटी होऊ शकते."

मी त्यांच्या डब्यातलं भरीत खाल्लं.

चार महिने शिवणकाम चाललं. बाहेरचं दार मी पाहिलं होतं. प्लायच्या पट्ट्यांची चौकट, त्यावर फोम, त्यावर लाकडाच्या रेघा इतक्या हुबेहूब रंगवलेल्या की सुतार फसला असता. खरे कब्जे, खरी कडी, फसवी तीन कुलपं, आणि मागे माणूस मावेल एवढं पुठ्ठ्याचं बंद पोट. आतली बाजू मात्र त्या दाखवत नसत. गेमच्या शेवटी दार उघडतं तेव्हा आतून नुसता उजेड येतो म्हणे.

"अन् उजेड काही शिवता येत नाही, भाऊ," एवढंच त्या सांगत आणि काळजीत पडत.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी मी टेम्पो घेऊन त्यांच्या फ्लॅटवर पोचलो. दुसऱ्या मजल्यावर अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला फ्लॅटचा दरवाजा आणि दरवाजाच्या आत ताईंचं दार. आता तुम्हीही ओळखलं असेल. ज्या बाईने साहेबापासून शिपायापर्यंत सगळे मापले, तिने आपला दरवाजा मापला नव्हता. दार दारातून निघेना. उभं नाही, आडवं नाही. तिरकं करायला बोळ पुरेना.

"चौकट थोडी कापू," मी म्हणालो.

"तुमच्या पोटाले कापा," ताई म्हणाल्या आणि जमिनीवर बसल्या. "थांबा. हे कोडं आहे. कोड्याले घाई करायची नसते."

थोड्या वेळाने त्या उठल्या, पेचकस आणला आणि स्वतःच्या घराचा दरवाजा कब्ज्यांतून काढला. त्याने दोन बोटं जागा वाढली आणि त्यांचं दार पोटासकट बाहेर आलं. घराला दरवाजा नाही म्हणून शेजारच्या काकू उंबऱ्यात खुर्ची टाकून बसल्या. "निवांत जा वं," त्या म्हणाल्या, "मी कोणाले आत जाऊ देत नाही. मलेही नाही."

एका कॉलेजच्या सभागृहात स्पर्धा होती. पंख लावलेल्या मुली, दोन माणसांएवढ्या तलवारी, निळे केस. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने ताईंकडे न पाहताच सांगितलं, "आईबाबांनी तिकडे बसायचं." डोक्यावरून शाल लपेटलेल्या ताईंनी माझ्या हातून दार चढवून घेतलं आणि आतूनच आपलं नाव सांगितलं. मुलीने खुर्ची मागे सारली.

स्टेजवर जाण्याआधी त्यांनी मला शपथ घातली. "दार बोलत नाही. म्हणून मी बोलणार नाही, अन् तुम्हीही बोलायचं नाही. उत्तर तोंडातून निघालं तर सोमवारपासून डबा बंद." विचार करा, ज्या माणसाला आजवर कुणी गप्प बसवू शकलं नाही, त्याला भरताने बसवलं.

दार स्टेजच्या मधोमध उभं राहिलं. निवेदिकेने ताईंनी दिलेली चिठ्ठी वाचली, "दोन मिनिटांत मला उघडा." कडेला किल्ल्यांचा जुडगा टांगलेला होता. पोरं धावत वर आली. एकाने सगळ्या किल्ल्या लावल्या, दुसऱ्याने खांदा लावला, एकीने भोकाला डोळा लावून जाहीर केलं, "आत कोणीतरी आहे." हशा झाला. कुणी कब्जे तपासले, कुणी मागून काही दिसतं का पाहिलं. मी विंगेत माझीच मूठ माझ्याच तोंडात धरून उभा होतो. टकटक तेवढी कुणी केली नाही.

घंटा झाली. दार बंदच राहिलं, आणि तसंच बंद, आडवं चालत, स्टेजवरून उतरलं. परीक्षकांनी दार म्हणून गुण दिले असतील. आतलं काही त्यांना दिसलंच नाही.

मागच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून दार उभं होतं. मी हळूच वाजवलं. टक टक.

"कोण?"

"मी."

"तुमाले उत्तर माहीत आहे. तुमची टकटक चालत नाही."

"ताई, चार महिन्यांची मेहनत आहे आत. वेळ संपताना आतून कडी काढायची होती. कोण विचारणार होतं?"

किल्लीच्या भोकातून आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. "स्वतःहून उघडलं असतं तर मग काय राहिलं, भाऊ? कोणी टकटक करते का, तेच पाहायचं होतं मले."

पाणी आणतो म्हणून मी नळाकडे गेलो.

परत वळलो तेव्हा आईबाबांच्या बाकांवरून एक बाई उठून कॉरिडॉरमध्ये आली होती. इकडे तिकडे पाहत, घाईत. तिला भिंतीशी एक दार दिसलं. तिने पदर सारखा केला आणि दोन बोटांनी, अदबीने वाजवलं.

"आत कोणी आहे का?"

कडी सरकली. दार उघडलं. आतून सोनेरी कागद मढवलेला आणि मधोमध ताई. झेंडूच्या रंगाची रेशमी साडी, जरीचे काठ, केसांत गजरा आणि डोक्यापासून पावलांपर्यंत बारीक दिव्यांची माळ. घामाने कुंकू नाकावर उतरलं होतं आणि डोळे लाल होते.

"अगं बाई," ती बाई मागे सरली. "माफ करा. मी बाथरूम समजली." मग वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "किती सुंदर दिसून राहिल्या तुम्ही. कोणाचं लग्न आहे?"

"नाही," ताई म्हणाल्या. "मी दार आहो."

"असं होय," ती बाई म्हणाली, जणू गावात दोन-चार असतात.

तेवढ्यात पंखवाल्या एका मुलीने ते पाहिलं आणि सगळ्या सभागृहाला ओरडून सांगितलं. पोरांचा लोंढा आला. "आम्ही एवढे दिवस किल्ल्या शोधून राहिलो अन् नुसती टकटक?" एकाने कपाळाला हात लावला. दुसरा चिडला, त्याचा गेम अजून संपायचा होता. बाथरूमचं विसरून त्या बाईने रांग लावली. "ढकलू नका. ज्याले पाहायचं त्यानं वाजवायचं."

तिकडे स्टेजवर बक्षीस एका तलवारीला जाहीर झालं. इकडे कुणाला पत्ता नव्हता. प्रत्येकासाठी ताई दार पुन्हा लावून घेत, आतून कडी घालत आणि टकटक होईपर्यंत थांबत. मग उघडत. प्रत्येक वेळी नव्याने.

रांगेच्या शेवटी निळ्या केसांची एक मुलगी होती. तिची पाळी येईपर्यंत माळेचे दिवे मंद होत होत विझले होते. मी ताईंना सांगायला पुढे होणार, तोच तिने वाजवलं. दार उघडलं. आत नुसत्या ताई उभ्या होत्या.

ती मुलगी क्षणभर पाहत राहिली आणि मग तिने एकटीने टाळ्या वाजवल्या.