गांगुर्डे सरांचा प्रश्न

व्याख्यान संपून आभारप्रदर्शन सुरू झालं, की गांगुर्डे सर उठून उभे राहायचे. "मग हे करायचं कधी?" एवढाच प्रश्न. नाशिकमध्ये जातीवर परिसंवाद असला, की दलित वक्ता म्हणून त्यांना बोलावणं असायचंच. पण या प्रश्नामुळे पुढे पुढे आयोजक त्यांच्या हाती माइक द्यायला कचरू लागले. आम्ही एकाच कॉलेजात शिकवत होतो. परतताना ते म्हणायचे, "शाल देतात, नारळ देतात. तारीख कोणी देत नाही."

त्यांचं गाव सटाण्याकडचं. नदीकाठच्या स्मशानात पत्र्याची शेड होती, पण तिथे दलित वस्तीतलं प्रेत येऊ देत नसत. वस्तीला ओढ्याकाठी, उघड्यावरच अग्नी द्यावा लागे. यावर ग्रामसभा झाल्या, अधिकारी येऊन गेले, समिती नेमली गेली. बैठकीत चहा व्हायचा, सगळे समंजसपणे बोलायचे आणि उठून घरी जायचे.

ऑगस्टमध्ये सरांची काकू गेली. आई लहानपणीच वारली, तेव्हापासून तिनेच त्यांना वाढवलेलं. मी त्यांच्याबरोबर गावी गेलो. पावसाची झड लागली होती, ओढा दुथडी भरून वाहत होता. तिरडी उचलून सर नदीकडे वळले, तशी वाटेत माणसं आडवी आली. पुढे अप्पा, गावचे माजी सरपंच.

"सर, तुम्ही शिकलेले. घाई नका करू. उद्या बसू, बोलू, मार्ग निघंल."

"अप्पा, काकूनं जन्मभर तुमची चर्चा ऐकली. आता तिला ऐकू येत नाही."

तिरडीवरून पाणी निथळत होतं. सरांनी खांदा बदलला नाही, पाऊल मागे घेतलं नाही. मागच्या बाजूला मी खांदा दिला होता. शेवटी अप्पांनी मान खाली घातली आणि ते बाजूला झाले. मग बाकीचेही सरकले. शेडमध्ये लाकडं रचून झाली, तेव्हा कुठे सर रडले.

त्यानंतर गावातल्या गिरणीवाल्याने वस्तीचं दळण घेणं बंद केलं. नाशिकला लगेच या बहिष्कारावर परिसंवाद ठरला. सर प्रमुख वक्ते. "मला वेळ नाही," त्यांनी कळवलं. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन ते गावी गेले आणि वस्तीतल्या भावाच्या घराच्या पडवीत त्यांनी पिठाची चक्की बसवली.

गेल्या हिवाळ्यात मी भेटायला गेलो, तर भुवयांपर्यंत पीठ. आम्ही बोलत होतो, तेवढ्यात वरच्या आळीतली एक बाई डबा घेऊन दारात आली. त्या आळीतलं माणूस वस्तीत पाऊल टाकत नसे. ती सारखी मागे वळून बघत होती. चक्कीच्या आवाजात त्यांचं बोलणं मला ऐकू आलं नाही. सरांनी बाजरी दळून दिली, ती डबा घेऊन निघून गेली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"बारीक दळा म्हणाली," सर म्हणाले.