टेबलावरची पाटी

त्या फोटोतली पाटी मी काढायला नको होती. गेल्या आठवड्यात बारामतीच्या माझ्या स्टुडिओत निगेटिव्हचं एक जुनं पाकीट उघडलं, फोटो धुण्याच्या हायपोचा आंबट वास आला आणि नव्वदच्या दशकातली इंदापूरची ती कचेरी डोळ्यांपुढे उभी राहिली.

सुनंदा मॅडम नुकत्याच अधिकारी झाल्या होत्या. त्यांचे वडील, आबा, अंथरुणाला खिळलेले. शेळगावहून कचेरीत येणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून लेकीचा खुर्चीतला फोटो त्यांना हवा होता. मला मात्र तो कलात्मक करायचा होता. कपाटावर पांढरी चादर टांगून मी खिडकीतलं ऊन मॅडमच्या गालावर वळवलं, फायलींचे गठ्ठे हलवले आणि शेवटी टेबलावरची नावाची पाटी उचलली.

"ती राहू द्या की," त्या म्हणाल्या.

"चमकते, मॅडम. नजर चेहऱ्यावर राहिली पाहिजे," म्हणत मी ती खणात टाकली.

फोटो द्यायला मीच शेळगावला गेलो. आबा शाळेत गेले नव्हते, फक्त स्वतःचं नाव तेवढं ओळखायचे. फोटो त्यांनी बराच वेळ न्याहाळला.

"पोर झ्याक दिसतीया. पर पाटीवर तिच्या नावाम्होरं माझं नाव हाय म्हनं. ते कुठं हाय?"

"फोटोत बसलं नाही, आबा," मी खोटं बोललो.

दुसरा फोटो काढायचं राहूनच गेलं, आणि आबा गेले.

परवा ती निगेटिव्ह घेऊन मी सुनंदाताईंच्या घरी गेलो. म्हणालो, "जागा भरपूर होती, ताई. आबांचं नाव मीच उचलून ठेवलं. मला माफ करा."